रेल्वेमंत्रीसाहेब, पूल शाळेच्या बाजूला उतरवायचा राहिलाय

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातला, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी सांगतोय आणि पाचवीतली नात लिहून घेतेय. शुद्धलेखनात चुका दिसल्या तर तिला बोल लावू नका. तिची निम्मी शाळा बुडाली आहे. कशात बुडाली, तेच सांगायचंय.

आमच्या स्टेशनच्या अलीकडे वस्ती, पलीकडे जिल्हा परिषदेची शाळा. मध्ये फाटक होतं. दुहेरीकरण आलं तसं फाटक बंद करून खालून बोगदा काढला. आम्ही ओरडा केला तेव्हा एक मोठे साहेब ग्रामसभेला आले, चहा प्याले आणि म्हणाले, दिवाळीच्या आत स्टेशनवरचा पादचारी पूल शाळेच्या बाजूला उतरवून देतो. कुठली दिवाळी ते विचारायचं राहिलं. तीन होऊन गेल्या.

पूल आजही दुसऱ्या फलाटावर संपतो. तिथं उभं राहिलं की शाळेची घंटा ऐकू येते, खिचडीचा वाससुद्धा येतो. पुढं लोखंडी कुंपण. शिवाय पुलावर चढायचं तर माणशी १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट. रूळ ओलांडले तर रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहिला बोगदा.

गेल्या सोमवारी रात्रभर पाऊस झाला. सकाळी बोगद्यात माझ्या मांडीपर्यंत पाणी, वर शेणाचा तवंग. पहिलीतल्या नातवाला नवी पुस्तकं मिळाली होती, घरी थांबायला तयार होईना. त्याला खांद्यावर घेतलं, दप्तर त्याच्या डोक्यावर. मधोमध गटारावरची जाळी सरकलेली. पाय आत गेला. पोरगं तेवढं वर धरलं, दप्तर गेलं आणि माझं मनगट मोडलं. पुस्तकं आता पत्र्यावर वाळत घातलीत, पानं पापडासारखी झालीत. एकतीस वर्षं घाटात डबल बेल दिली, कधी खरचटलं नाही. आज शर्टाची बटणं सून लावते. जेवताना डाव्या हातानं भाकरी मोडत नाही. रात्री ठणका लागला की पडल्या पडल्या मालगाड्या मोजतो. तुमच्या गाड्या वेळेवर धावतात हो, त्याबद्दल अभिनंदन.

पाण्याचं म्हणाल तर रेल्वेला ते हलवता येत नाही असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजेतून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. आम्हालाही अभिमान वाटला होता. आमच्या बोगद्यातलं पाणी फक्त पन्नास फुटांवरच्या ओढ्यात टाकायचंय. पंप आहे. त्याला वीज कुणी द्यायची यावर पत्रव्यवहार चालू आहे. रेल्वे म्हणते ग्रामपंचायत, ग्रामपंचायत म्हणते बांधकाम खातं, ते म्हणतं हद्द रेल्वेची. आमच्या एसटीत रोकड पाच रुपये कमी भरली तर मेमो मिळायचा. इथं शाळेतली पोरं कमी झाली तरी कुणाला साधी विचारणा नाही.

आणि ती कमी होतायत. फाटक होतं तेव्हा पट ३१ होता, आता १९. ज्याला परवडतं तो पोराला पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला धाडतो. २०२३ मध्ये राज्य सरकारनं वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं, तेव्हापासून आमच्या बाई धास्तीतच असतात. कायदा म्हणतो प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आमची घरापासून साडेतीनशे पावलांवर आहे, कागद अगदी चोख. उद्या ती बंद झाली तर अहवालात ‘पटसंख्येअभावी’ असं लिहितील. बोगद्याचं नाव कुठं येणार नाही, तुमच्या त्या साहेबांचं तर नाहीच. रेल्वे केंद्राची, शाळा जिल्हा परिषदेची, पाणी देवाचं. मत तेवढं आमचं असतं, ते न्यायला मात्र गाडी दारात येते.

पुलाच्या पायऱ्या कुंपणापलीकडे उतरवा. तोवर पंपाला वीज आणि पावसाळ्यात रात्री तिथं एक माणूस द्या. जाळी आम्हीच तारेनं बांधलीय, तिची काळजी करू नका.

कळावे,
आपला एक प्रवासी

ता. क. पत्र स्पीड पोस्टनं पाठवणार होतो. पण पोस्टही रुळांपलीकडेच आहे, म्हणून असं उघड्यावर लिहिलं.