सूचना : जनरेटरचा सेल्फ फिरत नाही, रविवारी तपासणी

सर्व सभासदांनो, वीज गेल्यावर आपला जनरेटर सुरू होत नाही. नुसता ‘टक’ असा आवाज येतो, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) इंजिन फिरवतच नाही. येत्या रविवारी सकाळी १० ते १२ मेकॅनिक येणार आहे. त्या वेळेत लिफ्ट आणि पंप बंद राहतील. पाणी भरून ठेवावे. ज्येष्ठांनी खालची कामे आधीच उरकावीत.

तोपर्यंत कृपया एवढे पाळा :

- डिझेल ओतू नका. इंजिन फिरतच नसेल तर दोष बहुधा बॅटरी, तिच्या वायरी किंवा सेल्फमध्ये असतो.
- लाल इमर्जन्सी बटण दाबलेले राहिले नाही ना, हे वॉचमनने आधी पाहावे.
- सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये २ मिनिटे थांबा. नाहीतर तो जळेल.
- पॅनल ‘ऑटो’वर असताना इंजिनला हात लावू नका. वीज जाताच ते आपोआप फिरू शकते आणि बोटे जाऊ शकतात. मुलांनाही तिकडे फिरकू देऊ नका.

पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. त्या दिवशी हे माप सर्वांसमोर घेऊ, मगच नव्या बॅटरीचा खर्च ठरवू. खोलीची चावी सचिवांकडे आहे.