जुन्या बुलेटला टायर घेताना आधी रिम बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारसायकली पुन्हा रस्त्यावर आणण्याची आवड वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियमही केले. मात्र टाकीचा रंग, क्रोम, सीटचे कव्हर यांवर मनापासून खर्च करणारे लोक टायरच्या बाबतीत दुकानदार देईल तो घेऊन मोकळे होतात. मग गाडी साठच्या पुढे हँडल मारते, वळणात मागून वळवळते, आणि दोष दिला जातो ‘जुन्या गाडीच्या बनावटीला’. बनावटीचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. लोखंडी इंजिनाची बुलेट 350 आजही सर्वांत जास्त दिसते, म्हणून तिच्याच आधाराने हे लिहीत आहे.

या गाडीला पुढे-मागे मूळ माप एकच, 3.25-19. टायर सव्वातीन इंच रुंद आणि रिम 19 इंच व्यासाची. त्या रिमचा प्रकार डब्ल्यूएम 2, म्हणजे आतली रुंदी 1.85 इंच. टायर निवडताना हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. 3.25-19 आणि त्याचा मिलिमीटरमधला भाऊ 90/90-19, दोन्ही या रिमवर नीट बसतात. मागे 3.50-19 सुद्धा चालतो; बुलेट 500 ला मागे तोच असे.

घोळ होतो तो ‘भारदस्त दिसते’ म्हणून 100/90-19 किंवा त्याहून रुंद टायर चढवल्यावर. 100/90 ला किमान 2.15 इंच रुंद रिम लागते, आणि खरी योग्य रुंदी अडीच इंच. अरुंद रिमवर तो बसवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि टायरचा माथा टोकदार होतो. सरळ जाताना जमिनीला टेकणारा पट्टा उलट लहान होतो. गाडी वळणात झुकवायला लागले की ती एकदम कलते, आणि टायरची बाजू आडवी लवचीक झाल्याने मागचे चाक शेपटीसारखे डुलते. शिवाय रुंद टायर चेन गार्डला किंवा मडगार्डच्या पट्टीला घासतो. चाक हाताने फिरवताना चारही बाजूंनी किमान 8 ते 10 मिमी जागा मोकळी दिसली पाहिजे, कारण वेगात टायर थोडा फुगतो. रुंद टायरने पकड वाढते हा समज या रिमपुरता तरी सोडून द्यावा.

उंचीचेही तसेच आहे. हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे मिळते, त्याच्या थोडे मागे पुढचा टायर टेकतो. हे अंतर म्हणजे ट्रेल, आणि गाडी सरळ धरून ठेवते ते हेच. पुढे 18 इंची चाक आणि मागे उंच टायर अशी जोडी केली की गाडीचे नाक खाली जाते, फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) उभा होतो, ट्रेल घटतो. गावात हँडल हलके लागते म्हणून मालक खूश होतो. हायवेवर तेच हँडल थरथरायला लागते. जुन्या जावाला दोन्हीकडे 3.25-16 असते. तिथेही पुढचे-मागचे नाते बिघडवू नये.

नक्षीबद्दल थोडक्यात. सरळ रेघांचा पुढचा टायर जुन्या गाडीला शोभतो आणि कोरड्या रस्त्यावर दिशा छान धरतो. पण डांबर खरवडून ठेवलेल्या रस्त्यावर किंवा काँक्रीटच्या लांबट सांध्यावर तो त्या खाचेबरोबर ओढला जातो. अशा रस्त्यांवर रोज जायचे असेल तर पुढे तिरप्या खाचांची नक्षी घ्यावी. पावसात पाणीही ती चांगले फेकते. ठोकळ्यांचा ऑफ-रोड टायर फक्त दिसण्यासाठी पुढे बसवू नये. ठोकळे वाकतात आणि ब्रेक लावताना हँडल अस्थिर होते. रेडियल (आतले धागे आडवे) आणि साधा बायस (आतले धागे तिरपे) टायर यांची जोडी तर करूच नये. या गाड्या बायस टायरसाठीच बनल्या आहेत.

टायरच्या बाजूवर लिहिलेले वाचायला शिकावे. 54P मधला 54 म्हणजे 212 किलो भार, P म्हणजे ताशी 150 किमी. दोघे बसून सामान घेऊन फिरणाऱ्यांनी मागे 57, म्हणजे 230 किलोचा घ्यावा. चार आकडी तारखेत पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे. जुन्या बाजारात ‘न वापरलेला, ओरिजिनल’ म्हणून असे टायर मिळतात आणि हौशी लोक ते जास्त पैसे देऊन घेतात. ते भिंतीवर टांगावेत. रबर कडक झालेले असते, नक्षी कोरी असूनही ओल्या घाटात ते घसरते. पाच वर्षांनंतर दरवर्षी बाजूच्या चिरा तपासाव्यात, आणि दहा वर्षांनी टायर कितीही चांगला दिसला तरी काढावा. नक्षीची खोली कायद्याने 0.8 मिमी पुरते, पण पावसाळ्याआधी ती 2 मिमीच्या खाली नको. हायवेवर सरळ चालून मधोमध चपटा झालेला मागचा टायर पूर्ण गुळगुळीत होण्याआधीच वळवळ सुरू करतो, हेही लक्षात असू द्यावे.

बसवताना होणाऱ्या चुका तर पंक्चरच्या दुकानात रोज दिसतात. नवीन टायरला नवीन ट्यूब आणि नवीन रिम टेप घ्यावी. स्पोकची टोके निपलबाहेर (स्पोक आवळायच्या नटाबाहेर) आली असतील तर कानशीने घासून घ्यावी. डब्ल्यूएम 2 रिमवर ट्यूबलेस टायर बसवला तरी आत ट्यूब हवीच, आणि त्या टायरच्या आतला कागदी स्टिकर काढावा, नाहीतर तो ट्यूबला घासतो. कडेला ग्रीस किंवा तेल लावू नये, साबणाचे पाणी पुरते. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरावी. टायर चढवण्याची सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा, म्हणजे समोरची कड रिमच्या खोलगट भागात बसते आणि लिव्हरवर जोर करावा लागत नाही. टायरची शेवटची कड आत घालण्याआधी व्हॉल्व्ह आत ढकलून बघावा, ट्यूब कडेखाली अडकली नसल्याची खात्री होते. मग एकदा हवा भरून पूर्ण सोडावी आणि पुन्हा भरावी. ट्यूबच्या घड्या सुटतात. टायरवरची बारीक वर्तुळाकार रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसेपर्यंत समाधान मानू नये. ती एका बाजूला बुडाली असेल तर चाक लंगडत चालते आणि लोक उगाच रिम आउट आहे म्हणून स्पोक आवळत बसतात.

फिरण्याचा बाण पाळावा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन उलट बाण असतात. पुढच्या टायरवर मुख्य ताण ब्रेकचा, मागच्यावर ओढण्याचा, म्हणून ते उलट.

हवेच्या बाबतीत पंपावर ‘दोन्हीकडे पस्तीस’ हा प्रकार बंद व्हायला हवा. बुलेटला पुढे 18 ते 22 आणि मागे 28 ते 32 पीएसआय, मागे कोणी बसणार असेल तर वरचा आकडा. गाडी थंड असताना मोजावे. पुढे पस्तीस भरले की टायर खड्ड्यावर उडतो आणि पकड सोडतो. मागे वीस राहिले की गाडी वळणात डुलते.

हे सगळे करूनही हँडल थरथरत असेल तर टायर पुन्हा बदलण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. मधल्या स्टँडवर पुढचे चाक उचलून फोर्क मागे-पुढे ओढावा. कोनसेटमध्ये (हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये) टकटक जाणवली तर तो आवळावा किंवा गोळ्या बदलाव्यात. मागचे चाक धरून स्विंग आर्म (ते चाक धरणारी हलती चौकट) आडवा हलवून बुश तपासावेत. मग दोन्ही चाके एका रेषेत आहेत का हे बघायला दोन्ही टायरच्या बाजूने दोरी ताणावी. दोन्ही टायर 3.25 असतील तर दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे, मागे 3.50 असेल तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण 3 मिमी सारखी फट दिसावी. चेन ताणायच्या गोल कॅमवरच्या खाचा दोन्हीकडे सारख्या मोजून चाक सरळ झाले असे धरू नये, झिजलेल्या कॅमवर त्या फसवतात.

टायर विक्रेत्यांना एक विनंती आहे. बिलावर माप, भार-वेगाचा आकडा आणि चार आकडी तारीख लिहून द्यावी, आणि गिऱ्हाइकाने रुंद टायर मागितला तर आधी रिमवरचा आकडा वाचून दाखवावा.

– एक मोटारसायकल मेकॅनिक, कोल्हापूर