दारफाळणी म्हणजे काय गं?

ठाणे

प्रिय रिबका,

सहा महिने गप्प आहे, घाल शिव्या. गुडघे, साखर, सगळं आहे तसंच.

तू आईच्या कीर्तनाच्या वहीचे फोटो मागितलेस ना? वही नाही गं. घर रिकामं करताना वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गेली रद्दीत. गठ्ठा मीच बांधला. इथे कुणाला सांगितलं तर म्हणतात, "मराठीच होती ना? मिळेल कुठेतरी." आता कुठे मिळणार? योसेफाचं आख्यान, साक्या-दिंड्या, मध्येच देवनागरीत हिब्रू ओळ, आणि समासात आईची पेन्सिल: "इथं रडवायचं." आपल्या लोकांनी, मराठी ज्यूंनी, बेने इस्रायलांनी, १८८० च्या सुमारास हरदासांचं बघून कीर्तन उचललं, कथा मात्र तोऱ्यातल्या, आपल्या धर्मग्रंथातल्या. (बाबांच्या तोऱ्यातल्या नव्हे, तू हसणार माहीत होतं.)

हे आज उकरलं, कारण परवा मलिद्याला, आपल्या नवसाच्या विधीला, भाची होती, तुमच्या इस्रायलची. पोहे-खोबरं कालवता कालवता म्हटलं, "दारफाळणीपर्यंत राहा." "म्हणजे?" "योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास." "मग तसंच म्हण ना!" बरं, त्यातलं 'फाळणी' म्हणजे काय, ते मलाही सांगता येईना. आजीला विचारायचं राहूनच गेलं. तिचे सगळे सण असेच: नव्याचा, खिरीचा, बिरड्याचा रोजा. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास, आणि नाव वालाच्या बिरड्याचं! भाची तर आपल्या प्रार्थनेच्या जागेला, आपल्या मशिदीला, सिनेगॉग म्हणते. आपण वर्गात "मशिदीत जाते" म्हटलं की मुली कशा बघायच्या, आठवतं?

पुस्तकात आपल्या या बोलीला ज्युडिओ-मराठी म्हणतात. आजीला सांगितलं असतं तर तिला औषधाचं नाव वाटलं असतं. तू इस्रायल आळीत माझ्याशी भांडली होतीस, "आपली कसली आलीय वेगळी भाषा?" तेव्हा दोन दिवस अबोला धरला मी. आता वाटतं, घोळ तिथेच आहे. इतर ज्यूंच्या यिद्दिश, लादिनो या भाषा निदान नावानं तरी लोकांना ठाऊक. आपली गेली तरी कुणाला चुकल्यासारखं होणार नाही, मराठी आहेच की धडधाकट! तिकडे पोरं हिब्रू बोलतात, इथली माझ्यासारखी वर्तमानपत्री मराठी. आजीचं 'दारफाळणी' कुणाच्याच तोंडात नाही.

नातू सैन्यातून सुटला का? सुनेला आशीर्वाद. अश्दोदला उकाडा असेल.

एक काम कर. तुझ्या आईनं ते आख्यान उतरवून घेतलं होतं, 'मायबोली'च्या जुन्या अंकांत कुठे खोचलेलं असेल, बघ. नसेल तर आठवेल तेवढं फोनवर म्हणून पाठव. तिसरी दिंडी तुझी आई नेहमी चुकवायची आणि माझी आई तिच्या मांडीला चिमटा काढायची. तशीच चुकवून म्हण.

तुझी,
सारा