तुझे कान शाबूत आहेत

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज म्हणून गेलास, "माझे कान गेले रे आता. तंबोरा ऐकला की पत्र्यावर रिमझिम चालल्यासारखी वाटते, आत काही नाहीच." आणि लगेच गुडघेदुखीकडे वळलास. मला मात्र तेवढ्यावर विषय सोडवेना. तंबोऱ्याबद्दल तू असं म्हणावंस? मिरजेच्या खोलीत माझं डोकं धरून माझा कान भोपळ्याला टेकवणारा तूच होतास ना? "तारेकडे बघू नको, नुसता थांब," म्हणालास. मी थांबलो, आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा-च्या तारेतून, कुणी न छेडलेला गांधार हळूच वर आला. तो ज्याने ऐकवला त्याचे कान असे सहा महिन्यांत जात नाहीत.

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, पत्रात ते जमणार नाही.

कानाच्या तपासणीत वयोमानाप्रमाणे वरच्या कंपनांना थोडं कमी, बाकी ठीक, असं निघालं हे तूच सांगितलंस. मग बिघडलं काय? तक्रार सुरू झाली लेकीने साठीला इअरबड दिले तेव्हापासून. त्याआधी तुझ्याकडे डेक होता, दोन मोठे स्पीकर होते. बदलले ते कान नव्हेत, कानापर्यंतचा रस्ता बदलला. गेले तीन महिने मी याच रस्त्यावर घालवलेत, कारण माझ्या बाबतीतही हेच झालं होतं.

सगळ्यात आधी साधी गोष्ट. इअरबडच्या खोक्यात रबरी टिपांचे आणखी दोन जोड असतात, लहान आणि मोठे. तू ते उघडलेही नसशील. कानात जी टिप नीट बसत नाही तिच्या कडेने हवा जाते, आणि हवा गेली की खालचा आवाज गेलाच. तुझा सा काळी एकचा, पेटीतल्या पहिल्या काळ्या पट्टीचा. म्हणजे मधला सा साधारण १३९ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, सत्तरच्या आसपास. टिप सैल असेल तर नेमका हाच भाग गळतो. राहतो तो वरचा झणकार, आणि तोच तुला पत्र्यावरच्या पावसासारखा लागतो. करून बघ: तंबोरा लाव आणि दोन्ही बड बोटाने अगदी हलके आत दाब. खर्ज एकदम भरून आला, तर दोष टिपेचा. मला उजव्या कानाला मोठी टिप लागते, डाव्याला मधली. दोन कान सारखे नसतात हे मला या वयात कळलं.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर तंबोरा ऐकत असशील तर ते आजपासून बंद कर. एवढ्याशा स्पीकरला सत्तर हर्ट्झ झेपतच नाहीत. तरी आपल्याला सा लागतो, कारण तारेतून मूळ स्वरासोबत आपोआप निघणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर मनानेच भरून काढतो. गांधारही येतो, तो खर्जाच्या पाचपट, साडेतीनशेच्या जवळ. पण पायाच नसलेल्या भिंतीसारखा येतो. अशा तंबोऱ्यावर गळा टाकायचा तरी कुठे?

आता तुझ्या ऑनलाइन शिकवणीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. मीही गेल्या वर्षी एका मुलाला व्हिडिओ कॉलवर शिकवायला घेतलं. इकडे तंबोरा छान लावलेला, आणि तिकडून तो म्हणतो, "सर, तंबोरा सुरू करा ना." मी तारा छेडतोय, आणि त्याला काहीही ऐकू येत नाही! माझं बोलणं स्वच्छ जातंय, मी गायलो तर अर्धमुर्धं जातंय, तंबोरा मात्र गायब. चार दिवस मी केबल, माइक, वायफाय तपासत बसलो. शेवटी कळलं की कॉलचं ॲप मागचा गोंगाट आपणहून काढून टाकतं. त्याचा हिशेब असा की माणूस बोलतो तेव्हा थांबतो, श्वास घेतो. जे एकसारखं न थांबता चालतं ते म्हणजे पंखा, नाहीतर मिक्सर. आणि तंबोरा? त्याने थांबायचंच नाही हा त्याचा धर्म. यंत्राने त्याला पंख्यात धरलं आणि पुसून टाकलं. मित्रा, मला त्या दिवशी खरंच भरून आलं. सेटिंगमध्ये गोंगाट काढण्याचा पर्याय बंद करता येतो, काही ॲपमध्ये 'ओरिजिनल साउंड' असं त्याचं नाव असतं. ते सुरू केलं आणि पलीकडून मुलगा म्हणाला, "आला, सर." तुझ्याकडेही आधी हेच तपास, आणि शिष्यांकडेही तपासायला सांग.

दुसरी अडचण इअरबडच्या माइकची. ब्लूटूथला दोन वाटा असतात, एक गाणं ऐकण्याची, दुसरी बोलण्याची. माइक चालू झाला की बहुतेक इअरबड बोलण्याच्या वाटेवर जातात. तिथे आवाज एकाच वाहिनीचा होतो, आणि त्याची मोजणी सेकंदाला ८ हजार, फार तर १६ हजार वेळा होते. सीडीत ती ४४,१०० वेळा होते. मोजणीच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं टिकतात, म्हणजे जुन्या, ८ हजारांच्या जोडणीत चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. जवारीची, म्हणजे तारेच्या त्या झणकाराची, सगळी चकाकी गेली! म्हणून शिकवताना इअरबड काढून ठेव. वायरवाला हेडफोन लाव आणि माइक फोनचाच ठेव.

जवारीवरून आठवलं. मागच्या महिन्यात मिरजेला गेलो होतो तेव्हा सतारमेकरांच्या गल्लीत तासभर बसलो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद सगळ्या गल्लीत दिसतो. एक कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. दोन हात मारायचे, फुंकर घालायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. मग तारेखाली सुताचा दोरा घातला आणि नखाने तांदळाच्या दाण्याएवढाही नाही इतका पुढे सरकवला. तोवर ठक्क बोलणारी तार एकदम उमलली. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीबद्दल लिहिलं होतं: तार जिथे छेडतो तिथे जे उपस्वर नियमाने गप्प राहायला हवेत, तेही या वळणदार घोडीमुळे बोलू लागतात. मी त्या दोऱ्याकडे बघत होतो आणि मनात येत होतं, एवढ्या कष्टाने उमलवलेलं हे आपण कशाकशातून दाबून कानापर्यंत नेतो!

कोडेकचं, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीचं, मात्र फार मनावर घेऊ नकोस. तुझा भाचा म्हणतो तसा एलडॅक उत्तमच, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो. पण गर्दीत तोच उतरून ३३० वर येतो, आणि साधा एसबीसीसुद्धा चांगल्या जोडणीत त्याच्या आसपास असतो. माझ्या कानाला टिपेतला फरक कोडेकपेक्षा कितीतरी मोठा वाटला. कोडेकच्या आधी गाण्याच्या ॲपची सेटिंग बघ. मोबाइल डेटावरची गुणवत्ता आणि वायफायवरची गुणवत्ता वेगळी असते, आणि डेटा वाचवायच्या सवयीने आपण पहिली कधीतरी खाली ठेवलेली असते. ९६ किलोबिटवर ऐकणं आणि ३२० वर ऐकणं, यातला फरक तुला पहिल्या आलापातच लागेल. आणि फोनमधला तो बास वाढवणारा इक्वलायझर बंद कर. त्याने डग्गा ढोलासारखा होतो आणि गवयाचा आवाज त्याच्या मागे जाऊन बसतो.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचं वेगळं आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्यांवर मुळातच वरची कंपनं फारशी नाहीत, त्यामुळे साध्या इअरबडवरही त्यांचा आवाज काळजात जातो. पण तिथे एक फसगत आहे. तबकडीची खरखर कमी किलोबिटमध्ये दाबली की पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडते. म्हणून कुणीतरी ती साफ करतं, आणि खरखरीबरोबर तंबोराही जातो! तू मला पाठवलेली ती 'स्वच्छ' प्रत ऐकली. आवाज लखलखीत, पण अंधारात एकटा उभा. माझ्याकडे तीच मुद्रिका खरखरीसकट आहे, ती पाठवतो. दोन्ही लागोपाठ ऐक. पत्र्यावरच्या पावसाइतकाच हाही दोष तुझ्या कानांचा नव्हता हे तुला पटेल.

एक कळकळीने सांगतो. तंबोरा ऐकू येईना म्हणून तू आवाज वाढवत नेतोस, हे लेकीने मला सांगितलं. तसं करू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घालून दिली आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, त्याहून मोठा असेल तर वेळ झपाट्याने कमी. खर्ज टिप नीट बसवल्याने येतो, बटण चढवल्याने नाही. आत्ता शाबूत असलेले कान असे घालवू नकोस, मला ते हवे आहेत.

टपालाने एक छोटी वायर पाठवतोय. टाइप-सीमध्ये एक टोक लावायचं, दुसऱ्यात जुना हेडफोन. तुझ्या नव्या फोनला गोल पिनेचं भोक नाही म्हणून हिची गरज. तिच्या टोकातच फोनमधल्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारी चिप असते. तुझा कपाटातला हेडफोन अजून चालत असेल, त्याच्या उशीचा फोम तेवढा बदलून घे.

रविवारी पहाटे साडेसहाला मी व्हिडिओ कॉल लावेन. माझ्याकडचा गोंगाट काढण्याचा पर्याय बंद असेल, तुझाही ठेव. तंबोरा काळी एकवर आधीच मिळवून ठेवतो. फोन उचललास की नमस्कार-चमत्कार नको, गुडघाही नको. डोळे मिटून बस. गांधार लागला की नुसतं "हं" म्हण, मग मी सा लावतो.

तुझा,
खोलीतला जुना सोबती