वाढत्या मापाचं हेल्मेट

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय बंड्या,

फोनवर सांगायला गेलो की तू "हां हां, बरोबर आहे" म्हणतोस आणि विषय काकूंच्या व्हिसावर नेतोस. म्हणून लिहायला बसलोय. फोटो काढून आजच पाठवतो, मूळ कागद काकूंच्या बॅगेतून येईल.

काल पोरांना घेऊन गड्ड्यावर, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो होतो. होम मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. मौत का कुआँ पाहिला. लाकडी भिंतीवर मोटरसायकल फिरवणारा पोरगा, डोक्यावर तेल सोडून काही नाही, हात सोडून लोकांच्या नोटा गोळा करत होता. धाकट्यानं विचारलं, "पप्पा, हा हेल्मेट का घालत नाही?" मी म्हटलं, त्याचं पोट त्या नोटांवर आहे, हेल्मेट घातलं तर नोटा कोण देणार? घरी आलो आणि तू पाठवलेला स्कीइंगचा व्हिडिओ परत लावला. तुझं पोट कशावर आहे बे? ऑफिसात खुर्चीवर बसून पगार घेणारा माणूस तू, वय बेचाळीस, डोक्याला काकूंनी विणलेली कानटोपी, आणि दोन्ही टोकं वर वळलेल्या त्या स्कींवर उंचवट्यावरून उडी मारून उलट्या तोंडानं उतरायला बघतोयस. मागं चिमी उभी आहे. हेल्मेट, गॉगल, पाठीचं कवच, सगळं घालून. तेरा वर्षांची पोरगी बापाला बघतीय आणि बापाच्या अंगावर सोलापूरचा स्वेटर!

तू विचारलंस, पॅडवाली आतली चड्डी शिवून देशील का, तिकडं फार महाग पडते. देतो. आपलं कामच ते आहे. डिसेंबरभर जत्रेच्या पांढऱ्या बाराबंद्या शिवल्या, आता शाळांच्या गणवेशाचं कापड येईपर्यंत हात मोकळा आहे. पण आधी हेल्मेटचं बोलू, कारण तू एक वाक्य सहज टाकलंस आणि ते माझ्या डोक्यातून जाईना: "चिमीला एक साइज मोठंच घेतलं, दोन सीझन चालेल."

लेका, हे वाक्य मी वीस वर्षं रोज ऐकतो. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, पोराला स्टुलावर उभं करून आया सांगतात, "भाऊ, वाढत्या मापाचं शिवा." मीही शिवतो. बाहीला दीड इंच आत मारून ठेवतो, पँटच्या तळाला दोन इंच. पोरगं जूनमध्ये बुजगावण्यासारखं दिसतं आणि दिवाळीपर्यंत कपड्यात बसतं. आपण दोघं असेच वाढलो. पण गणवेश ढगळ असला तर फक्त हसू होतं. हेल्मेट ढगळ असलं तर पडताना ते आधीच मागं सरकतं आणि कपाळ उघडं पडतं, किंवा पुढं येऊन गॉगलवर बसतं. डोकं आपटेल त्या क्षणी ते डोक्यावर नीट नसेल, तर घेतलं कशाला?

माप असं घे. टेप भुवयांच्या वर एक बोट ठेवून डोक्याभोवती फिरव, मागं जिथं डोकं सगळ्यात जास्त फुगीर आहे तिथून. सेंटिमीटरमध्ये. मग हेल्मेट घालून, पट्टा न लावता, तिला मान जोरात हलवायला सांग. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच हललं तर मोठं आहे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जावं, दोन नको. आत कानटोपी अजिबात नको, काकूंना वाईट वाटलं तरी. गॉगल आणि हेल्मेटच्या मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहू नये, तिथंच वारा लागून डोकं दुखतं. आत स्टिकर बघ: ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० लिहिलेलं असावं. ही स्कीइंगच्या हेल्मेटची मानकं आहेत. तुझं सायकलचं हेल्मेट इथं चालत नाही, ते वेगळ्या पडण्यासाठी बनवलेलं असतं.

आणि तिचं ते हेल्मेट गॅरेजच्या फरशीवर पडलं, का तिच्या डोक्यावर असताना आपटलं, हे तू नीट सांगितलंच नाहीस. डोक्यावर असताना जोरात आपटलं असेल तर संपलं ते. आतला पांढरा थर म्हणजे टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलच, जास्त घट्ट केलेला. थर्माकोलमध्ये बोट दाबून बघ, खड्डा पडतो तो परत भरत नाही. हेल्मेटचं सगळं काम त्या एकदाच दबण्यात आहे. बाहेरून ओरखडासुद्धा दिसणार नाही. आता नवीन घेशीलच, तर मिप्स नावाची सोय असलेलं बघ. स्वीडनच्या लोकांनी काढलंय. आत एक पातळ थर असतो, तो डोकं तिरपं आपटलं तर दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो, म्हणजे डोक्याला बसणारा पीळ कमी होतो. मला हे वाचल्याबरोबर समजलं, कारण कोटाचं अस्तर आम्ही असंच सुटं ठेवतो. बाहेरचं कापड ओढलं गेलं तरी आतलं अंगाबरोबर राहतं.

तुला वाटेल, हा टेलर माणूस बर्फाबद्दल काय शहाणपणा शिकवतोय. सोलांगला गेलो होतो ते विसरलास? लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला टूरबरोबर मनालीला गेलो. रस्त्याच्या कडेच्या दुकानातून भाड्याचे गमबूट आणि तो जुनाट, ओलसर कोट घेतला. कोटाची बाही माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती. वाढत्या मापाचा! स्कीवर उभा राहिलो, दहा पावलं गेलो, आणि बसलो. नुसता बसलो, बरं का, उडी वगैरे काही नाही. थेट माकडहाडावर. त्यानंतर तीन आठवडे मला मशीनवर बसता येईना. टेलरला बसता येत नाही म्हणजे काय ते तुला काय सांगू. हवा भरलेली गोल ट्यूब खाली घेऊन बसायचो आणि कारागीर पोरं तोंड फिरवून हसायची. तेव्हापासून या चड्डीच्या विषयात मी तज्ज्ञ आहे.

तर चड्डी. पॅड मी बनवणार नाही, हे आधीच सांगतो. गादीचा फोम भरून देणारे इथं पन्नास मिळतील, पण तो फोम पहिल्या आपटीत चपटा होऊन हाडाला फरशी दाखवतो. पॅड तिकडचेच घे, प्रमाणपत्र असलेले. हल्ली एक मऊ, रबरी प्रकारचा येतो. हळू वाकवला तर वाकतो, फटका बसला तर त्या क्षणापुरता कडक होतो. स्वयंपाकघरात कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून त्यावर बुक्की मारून बघ, तसंच. मी कप्पे शिवून देतो: दोन खुब्यांना, दोन मांड्यांना, एक माकडहाडाला. चारही बाजूंनी ताणणारं लायक्रा वापरीन, शिलाई अशी की आतून टोचणार नाही, आणि कप्पा पॅडला इतका घट्ट की पॅड घालताना तू शिव्या देशील. पॅड सरकला की तो हाडावर नसतोच.

इथं एक गोष्ट लक्षात ठेव. उभं राहून घेतलेलं माप खोटं ठरेल. स्की करताना तू गुडघे वाकवून, पुढं झुकून असणार, तेव्हा खुब्याचं हाड आणि पॅड यांची जागा बदलते. म्हणून दोन मापं पाठव, एक सरळ उभं राहून आणि एक खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखं वाकून. कंबर, सीट, मांडी, आणि आसन समोरून मागपर्यंत. मागच्या खिशाचं नावसुद्धा काढू नकोस. मोबाइल आणि किल्ल्या घेऊन त्यावर पडलास तर पॅड काय करणार?

पाठीच्या कवचाचंही माप असतं. मानेखालच्या मोठ्या मणक्यापासून कंबरेपर्यंत. लांब घेतलंस तर वाकताना ते वर ढकललं जाऊन हेल्मेटला मागून टेकेल. त्यावर ईएन १६२१-२ लिहिलेलं असतं, मूळ मोटरसायकलवाल्यांसाठीचं मानक, आणि दोन पातळ्या असतात. ठरावीक वजन त्यावर टाकतात आणि पलीकडं किती जोर पोचला ते मोजतात. पहिल्या पातळीत सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, दुसरीत फक्त ९. म्हणजे दुसरी घे. पण ९ म्हणजेसुद्धा क्षणभर जवळजवळ ९०० किलो वजनाचा जोर. कवच घातलं म्हणून पाठ लोखंडाची झाली असं चिमीला वाटू देऊ नकोस. फटका ते झेलतं, मणक्याचं वाकणं-पिळवटणं त्याला थांबवता येत नाही.

आणि मान तर कशानंच झाकली जात नाही. चिमीच्या भिंतीवर त्या कॅनडाच्या स्कीपटू सारा बर्कचा फोटो आहे ना? व्हिडिओ कॉलवर मी विचारलं होतं ही कोण, तर पोरीनं मला अर्धा तास सांगितलं. हाफपाइप, म्हणजे बर्फाच्या अर्ध्या नळीसारख्या खोलगटात स्कीवर उड्या मारायचा खेळ, ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून ती भांडली. २०१२ च्या जानेवारीत युटामध्ये सरावात पडली, मानेतली मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटली, आणि १९ तारखेला गेली. २९ वर्षांची. दोन वर्षांनी सोचीच्या ऑलिंपिकला हाफपाइप आलं, पण ती नव्हती. उद्याच १९ आहे. चिमीला उद्या जरा फोन करतो.

गुडघ्यालाही पॅडचा भरवसा नाही. पॅड वाटीला वाचवतो, आतल्या बंधाला नाही, आणि स्कीत फाटतो तो बंधच. तिथं थोडाफार उपयोग होतो तो बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीचा. दुकानदार वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तू कसा चालवतोस हे विचारून आकडा लावतो. बंड्या, तू वजन किती सांगितलंस? खरं सांग. लग्नाच्या अल्बममधलं नको. आणि उडी मारताना स्की सुटू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो आकडा स्वतः वाढवू नकोस. काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नकोस, काठी हातात राहून पडलास तर अंगठ्याच्या मुळाचा बंध जातो. गॉगल ढगाळ दिवसासाठी वेगळ्या काचेचा ठेव. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळं ऊन नाही म्हणून गॉगल वर सरकवू नकोस. आणि सोलापूरकर म्हणून हे लिहिताना हात अडखळतो, पण आत सुती काही घालू नकोस. घाम धरून ठेवतं आणि मग तेच ओलं कापड अंग गार करतं. चादर पाठवतोय ती पांघरायला.

चिमी मोगल्स करते म्हणालास, म्हणजे त्या उंचवट्यांच्या रांगांतून. त्यात म्हणे ६० टक्के गुण वळणांचे, उड्यांचे आणि वेगाचे वीस-वीस. आणि गुडघे जोडलेले आहेत का ते परीक्षकांना लांबून दिसावं म्हणून पँटच्या गुडघ्यावर वेगळ्या रंगाचे ठिगळ लावतात! आयुष्यभर मी ठिगळ लपवायला शिकलो. तिला रंग विचार, तिच्या पँटसाठी दोन तुकडे कापून पाठवतो, तिकडं कोणीही शिवून देईल. बाहेरची पँट मी करणार नाही. शिलाईतून पाणी जाऊ नये म्हणून आतून पट्टी चिकटवावी लागते, ते मशीन माझ्याकडं नाही.

तिचा उन्हाळ्यातला व्हिडिओ मात्र बायकोला चार वेळा दाखवला. उतारावरून येऊन हवेत कोलांटी आणि थेट पाण्यात! खालून हवा सोडून पाणी फेसाळतं ठेवतात, म्हणजे आपटत नाही, हे मला फार आवडलं. आपण तुझ्या मामाच्या विहिरीत मुटके मारायचो तेव्हा पाठ लाल व्हायची, कोण हवा सोडत होतं? आणि ही पोरगी पाण्यात पडायलासुद्धा हेल्मेट आणि जीवरक्षक जॅकेट घालून.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बापूंच्या डाव्या भुवईखाली खाच होती, लहानपणी आपण घाबरायचो ती. पूर्व भागातल्या एका कारखान्यात मागावर होते तेव्हाची. माग चालू असताना धोटा उडून अंगावर येऊ नये म्हणून समोर गार्डची सळई असते. तुटलेला धागा जोडताना ती हाताला आडवी येते, म्हणून सगळ्यांनीच काढून ठेवलेली. धोटा उडाला. अर्धा इंच खाली लागता तर डोळा गेला असता. बापू म्हणायचे, सळई तिथंच होती रे, भिंतीला टेकवून ठेवलेली. तुझ्या व्हिडिओत मागं, गाडीच्या टपावर, एक काळं हेल्मेट दिसतंय. ते तुझंच आहे ना?

काकूंचं विमान पुढच्या महिन्याच्या २० ला. त्यांच्या बॅगेत चादर, शेंगा चटणीचे दोन डबे आणि कडक भाकरीचा गठ्ठा आधीच ठरलाय, चड्डीला जागा मी भांडून घेतलीय. पॅड आधी विकत घे, त्यांची लांबी-रुंदी-जाडी कागदावर उतरवून पाठव, त्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाही. चिमीचं आपटलेलं हेल्मेट कोणाला देऊ नकोस, पट्टे कापून टाक. मापं गुरुवारपर्यंत पाठव. शुक्रवारी आमच्याकडं लाइट नसते.

तुझा,
पप्या

ता. क. वजन खरं लिही. कंबरेच्या मापावरून मला कळणारच आहे.