‘बेडका निगेटिव्ह’ म्हणून मुलाला घरी पाठवू नका : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू.

सविनय नमस्कार.

एचआयव्हीसह जगणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलाच्या केसपेपरवर ‘बेडका निगेटिव्ह’ असा शेरा पडतो आणि क्षयाचा विषय तिथेच मिटतो. बेळगाव सीमाभागातली ही पद्धत थांबावी, यासाठी हे पत्र लिहीत आहोत. एवढे लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळते. डबीत येते ती लाळ. त्यातच मुलांच्या क्षयात जंतूंची संख्या मुळात कमी असते. अशा लाळेवर सीबीनॅटसारखे (जंतूंची जनुके शोधणारे) चांगले यंत्र चालवले तरी उत्तर बहुधा ‘निगेटिव्ह’च येणार.

गिळलेला बेडका रात्रभर पोटात साठतो, म्हणून पहाटे नळीने जठरातला स्राव काढायचा असतो. मूल किमान चार तास उपाशी हवे आणि अंथरुणातून उठलेले नको. उठून हिंडू लागले की पोट पुढे रिकामे होऊ लागते. नाकातून आठ किंवा दहा नंबरची नळी घालून पाच ते दहा मिली स्राव घ्यायचा. काहीच आले नाही तर पाच-दहा मिली सलाइन आत सोडून पुन्हा ओढायचे. जठरातले आम्ल जंतू मारते, त्यामुळे कल्चर करायचे (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायचे) असेल तर तितकेच सोडियम बायकार्बोनेट लगेच घालायचे. नमुने दोन, लागोपाठच्या दोन सकाळी.

आता कणकुंबी किंवा जांबोटीकडचे मूल डोळ्यांसमोर आणा. पहिली एसटी धरून ते खानापूरला पोहोचते तेव्हा चहा-बिस्कीट पोटात गेलेले असते, आणि स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालणेही झालेले असते. त्या वेळी नळी घालणे म्हणजे मुलाला फुकटचा त्रास देणे. आदल्या संध्याकाळी तालुका रुग्णालयात दोन रात्रींसाठी दाखल करून घेण्याची सोय असेल तरच ही तपासणी अर्थपूर्ण ठरते. खाट, सोबत राहणाऱ्या आईचे जेवण, पहाटे नळी घालू शकणारी परिचारिका. एवढेच लागते.

जिथे हे जमत नाही तिथे मुलाची शी तपासता येते. गिळलेले जंतू शेवटी तिथेच उतरतात. जीनएक्स्पर्ट (म्हणजेच सीबीनॅट) यंत्रावर मुलांच्या शौचाचा नमुना चालवण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. सोप्या पद्धतीत सेंट्रिफ्यूज लागत नाही : सुमारे ०.८ ग्रॅम शौच आठ मिली रिएजंटच्या (तपासणीच्या रसायनाच्या) बाटलीतच टाकायचे, जोरात हलवायचे, दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा हलवायचे, आणखी दहा मिनिटे थांबायचे आणि वरचे दोन मिली काडतुसात (यंत्रात बसवायच्या डबीत) भरायचे. ‘जास्त घातले तर जास्त सापडेल’ या समजुतीने शौच वाढवले की काडतूस अडकते आणि यंत्र ‘एरर’ दाखवते. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना हे एकदा हाताने करून दाखवावे लागेल. परिपत्रक धाडून भागणार नाही.

तिसरी तपासणी लघवीची, एलएएम पट्टी : क्षयजंतूचा अंश लघवीत शोधणारी. एचआयव्ही असलेल्या आणि क्षयाची लक्षणे दिसणाऱ्या किंवा गंभीर आजारी मुलांसाठी ती आहे. पट्टीवर ६० मायक्रोलिटर लघवी, २५ मिनिटांनी वाचन, वीज नको. तान्ह्या बाळाची लघवी पिशवीत धरताना तिच्यात शी मिसळली तर खोटे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून आधी स्वच्छ पुसणे महत्त्वाचे. या पट्ट्या प्रत्येक एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या) आणि त्याला जोडलेल्या लिंक केंद्रात कायम शिल्लक असाव्यात.

तरीही पुष्कळ मुलांत जंतू सापडणार नाहीत. मंत्रिमहोदय, आमचा खरा आग्रह इथे आहे. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या म्हणून क्षय नाही, असे होत नाही. माँटू या कातडीत टोचून करायच्या चाचणीचेही तसेच : एचआयव्ही असल्यास पाच मिलिमीटरची गाठ पुरते, पण काहीच न उठल्यास त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. घरात क्षयाचा रुग्ण, न हटणारा ताप किंवा खोकला, अंगणवाडीच्या तक्त्यावर थांबलेले किंवा घसरलेले वजन, आणि समोरून व बाजूने असे दोन एक्स-रे, यांवर डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा असतो. बाजूचा एक्स-रे बहुधा काढलाच जात नाही, आणि छातीतल्या सुजलेल्या गाठी त्यात अधिक स्पष्ट दिसतात. एचआयव्हीमुळे होणारा फुप्फुसाचा एक जुनाट आजार एक्स-रेवर क्षयासारखाच भासतो. कानाखालच्या लाळग्रंथी सुजल्या असतील, बोटांची टोके फुगली असतील तर त्याचाही विचार हवा.

‘आधी अँटिबायोटिक घ्या, पंधरा दिवसांनी या’ ही वाट कमी धोक्याच्या मुलांसाठी ठीक आहे. एचआयव्ही असलेल्या, दोन वर्षांखालच्या किंवा तीव्र कुपोषित मुलाचा आजार झपाट्याने बळावतो. त्याच्यासाठी ते पंधरा दिवस जीवघेणे ठरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेली निर्णयपद्धती अशा मुलांना थांबवून ठेवू नका, असेच सांगते. पण जंतूंचा पुरावा नसताना उपचार सुरू केले तर वरून विचारणा होईल, या धास्तीने तालुक्यातला डॉक्टर मुलाला जिल्ह्याला पाठवतो. तिथवर जाण्याचे पैसे नसलेले कुटुंब घरी परतते. तालुका पातळीवर लक्षणांवरून उपचार सुरू करण्याचा अधिकार लेखी द्या आणि त्या डॉक्टरच्या पाठीशी उभे राहा.

उपाशी ठेवायचे, उठवायचे नाही, शी कशी धरायची, या सूचना कन्नडबरोबर मराठीतही छापाव्यात. आईला त्या कळल्या नाहीत तर नमुना वाया जातो. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंब कोल्हापूर-सांगलीकडे गेले तर निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद आणि एआरटीचे कार्ड दोन्ही सोबत पुढे जावीत. क्षयाचे रिफाम्पिसिन हे औषध सुरू झाले की एचआयव्हीवरचे डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावे लागते, आणि रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही दोन आठवडे तसेच. त्या जादा गोळ्या क्षयाच्या औषधांबरोबर त्याच दिवशी हातात पडाव्यात, दुसऱ्या फेरीत नव्हे.

आपले,
सीमाभागात एचआयव्ही आणि बालक्षयाचे काम करणारे आरोग्य कर्मचारी व कार्यकर्ते