वितंडा पुरे, वाद घालायला शिकवा

महोदय,

अकरावी प्रवेशाचे दिवस आले की विज्ञान शाखेचे कट-ऑफ पहिल्या पानावर येतात. त्याच वेळी कला शाखेतून तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय एकेका गावातून गुपचूप उठत चालले आहेत, त्याची ओळभरही बातमी होत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हे विषय २९ वर्षं शिकवले. मी निवृत्त झाले, माझ्या जागी तासिका तत्त्वावर एक मुलगी आली, दोन वर्षांनी तीही गेली आणि तिसऱ्या वर्षी प्रवेश अर्जावर विषयाचं नावच नव्हतं. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, ‘कार्यभार नाही.’ विद्यार्थी नाहीत म्हणून कार्यभार नाही, कार्यभार नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून विषय नाही, आणि विषयच नाही तर विद्यार्थी कुठून येणार? न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेत, या दोषाला चक्रक म्हणतात. फळ्यावर गोल काढून मी तो दरवर्षी शिकवत असे.

हे आमच्या खानदेशात घडावं याचं जास्त वाईट वाटतं. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विचारवंत बंगालमधून तिथे आले. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरात शिकायला. शाळेतली नोकरी नंतरची. गिरणीच्या गावात एका गिरणीमालकाला हे हवंसं वाटलं होतं!

तत्त्वज्ञान मराठीत शिकवता येत नाही, असंही ऐकवलं जातं. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ साली निघाले. पुण्यात १९८३ मध्ये न्यायशास्त्राचे पंडित आणि पाश्चात्य पद्धतीने शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले आणि विधान म्हणजे काय, याविषयीच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलच्या मतावर त्यांनी चर्चा केली. मराठीतले तत्त्वचिंतक मे. पुं. रेगे त्यात पुढे होते. दोन्ही बाजूंना एकमेकांची परिभाषा परकी होती, तरी समोरचा काय म्हणतो आहे ते आधी समजून घेतलं गेलं. यालाच वाद म्हणतात. न्यायसूत्रांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडून काढणं ती वितंडा. टीव्हीवर रोज रात्री जे चालतं त्याला आपण ‘चर्चा’ म्हणतो. आपल्याच भाषेत त्याच्यासाठी वितंडवाद हा नेमका शब्द आहे, तो वापरावा.

अकरावीच्या मुलांना पहिल्या महिन्यात सगळ्यात अवघड जातं ते सत्यता आणि वैधता यांतलं अंतर. ‘सर्व पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतं.’ युक्तिवाद वैध, कारण पहिली दोन वाक्यं मानली तर तिसरं निघतंच, पण निष्कर्ष चूक. वर्ग गोंधळतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, म्हणजे पहिल्याच वाक्यात घोळ आहे.’ त्या दिवसापासून ते मूल ऐकलेल्या प्रत्येक भाषणातलं पहिलं वाक्य तपासायला लागतं. विधानांचा खरे-खोटेपणा मांडणारी सत्यता कोष्टकं पुढे विसरली जातात, ही खोड जात नाही.

माझा एक विद्यार्थी पुढे ग्रामपंचायतीचा सदस्य झाला. देणगीचे पैसे शाळेच्या गळक्या खोल्यांसाठी वापरायचे की देवळापुढे सभामंडप बांधायचा, यावर ग्रामसभा तापली होती. तो खोल्यांच्या बाजूचा. तो उठला आणि म्हणाला, ‘मंडप हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी आधी सांगतो, चुकलं तर थांबवा.’ लग्नं, दशक्रिया, उन्हातान्हात बसणाऱ्या म्हाताऱ्या, सगळं त्याने मांडलं. मग स्वतःची बाजू. ठराव मंडपाचाच झाला. पण पलीकडच्या गटातले एक आजोबा त्याला म्हणाले, ‘आमचं आमच्यापेक्षा तूच नीट सांगितलंस,’ आणि खोल्यांच्या पत्र्यांसाठी वर्गणी काढायला तेच त्याच्याबरोबर घरोघर फिरले. समोरच्याची बाजू आधी नीट मांडणं, याला पूर्वपक्ष म्हणतात, हे त्याला बाकावर बसून समजलं होतं.

फ्रान्समध्ये आपल्या बारावीच्या बरोबरीच्या परीक्षेत सर्वसाधारण शाखेच्या प्रत्येक मुलाला तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर लिहावा लागतो, पुढे तो इंजिनियर होणार असला तरी. आपण इतकं मागत नाही. जिथे पद मंजूर आहे तिथे ते भरावं, आणि एखाद्या वर्षी मुलं कमी आली म्हणून विषय कायमचा बंद करू नये, एवढंच शासनाकडे मागणं.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आठवड्यातून एक रकाना द्या. गावातला वा राज्यातला एकच प्रश्न घ्यावा, दोन बाजूंच्या दोघांनी लिहावं, आणि प्रत्येकाने पहिला परिच्छेद समोरच्याच्या बाजूने लिहावा. समोरच्याने ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं कळवल्याशिवाय मजकूर छापू नये. माझे चार माजी विद्यार्थी पहिल्या महिन्याचं लिहून द्यायला तयार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जि. जळगाव